मोठ्ठा आ आणि प्रकरण सातवं

व्यवसायाच्या रकान्यात मी 'लेखिका' असं लिहायलाच नको होतं. 'नोकरी' लिहिलं असतं, तर रूट कॅनाल नुसतं दुखलं असतं.

पण लिहिलं. आणि डॉक्टरांच्या असिस्टंटने "काय लिहिता, मॅडम?" असं विचारल्यावर, जणू गेली कित्येक वर्षं हा प्रश्न कुणी विचारेल म्हणूनच मी दाढ किडवत बसले होते अशा उत्साहाने म्हणाले, "प्रेमकादंबऱ्या. स्वतःच प्रकाशित करते." वर टोपणनावही सांगून टाकलं. पाच मिनिटांनी मी आडवी. डोळ्यांवर दिवा, गालात कापसाचे बोळे, ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी, अर्धी जीभ बधिर आणि डॉक्टरांचे दोन्ही हात आत.

"स्वतःच म्हणजे?" डॉक्टर म्हणाले. "कुणी छापलं नाही म्हणून?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे घासूनपुसून तयार असतं. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनने 1811 साली 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' स्वतःच्या जोखमीवर छापून घेतली होती. बुडाली तर तोटा तिचा, अशी बोली. पुस्तकावर तिचं नावसुद्धा नव्हतं, 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढंच. ती आवृत्ती संपली आणि बाईंना 140 पौंड सुटले. पुढच्या कादंबरीचे मात्र तिने हक्कच 110 पौंडांना विकून टाकले. ती कादंबरी म्हणजे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. वर्षाच्या आत दुसरी आवृत्ती निघाली, आणि नफा कुणाचा? प्रकाशकाचा. स्वतः छापण्याच्या बाजूने याहून चांगला दाखला माझ्या माहितीत नाही, आणि लग्नकार्यात, बँकेत, लिफ्टमध्ये मी तो अनेकांच्या गळ्यात मारला आहे.

पण तोंड असं उघडं असताना एवढं सगळं कुठून सांगणार? म्हणून सारांश काढला. जीव एकवटून म्हणाले, "ऑस्टिन!"

बाहेर पडलं, "ऑआँइं."

"ऑक्सिजन?" असिस्टंट किंचाळली. "सर, ऑक्सिजन मागतायत!"

यंत्र थांबलं. खुर्ची सरळ झाली. कुणीतरी माझी नाडी धरली, कुणीतरी खिडकी उघडली. मी जोरजोरात मान हलवत होते, ती त्यांना गुदमरल्याची खूण वाटत होती. दोन मिनिटांनी डॉक्टरांनी निदान केलं, "घाबरल्यात. प्रेमाबिमाचं लिहिणारी माणसं जरा हळवीच असतात." आणि खुर्ची पुन्हा आडवी झाली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी हा लेख लिहिला नसता. पण असिस्टंट एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी शोधत होती.

"अय्या मॅडम, तुमचं पुस्तक आहे की माझ्याकडे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांना वाटलं, दुखलं. तसं नव्हतं. पाच पुस्तकं झाली, पण हाडामांसाची वाचक मी पहिल्यांदाच बघत होते. तीही उलटी, म्हणजे डोक्याच्या बाजूने.

"आमच्या ग्रुपवर आलं होतं," ती म्हणाली. "पीडीएफ. तुम्हाला पाठवू का?"

माझंच पुस्तक. मला. फुकट.

या पीडीएफचं काय करायचं ते आम्हा स्वतंत्र लेखकांना कळलेलं नाही. एका साइटला कॉपीराइटची नोटीस पाठवली की ती साळसूदपणे पुस्तक काढते आणि आठवड्याभरात दुसऱ्या तिघी ते टाकतात. नोटिसा मीच लिहिते. माझी कायदेशीर सल्लागार मीच, जाहिरात विभाग मीच, पत्रांना उत्तरं देणारी कारकूनही मीच आणि तिला खडसावणारी साहेबीणही मीच. मुद्रितं तेवढी आमचे मिस्टर तपासतात. चुंबनाच्या परिच्छेदात त्यांना फक्त ऱ्हस्व-दीर्घ दिसतं. मुखपृष्ठाची तर वेगळीच कथा. फोटो विकत घेण्याच्या साइटवरून मी एक छान, उदास, दाढीवाला तरुण निवडला होता. नंतर कळलं की तोच गृहस्थ दुसऱ्या एका लेखिकेकडे विधुर आहे आणि तिसरीकडे चक्क पिशाच्च. फोटो सगळ्यांनाच विकतात, तक्रारीला जागा नाही. तरी आपला नायक दुसऱ्या पुस्तकात दुसरीच्या मानेला चावताना बघून बरं वाटत नाही.

असो. मी खुर्चीत होते.

"वाच की जरा," डॉक्टर म्हणाले. "पेशंटचंही मन रमेल."

तिने प्रकरण सातवं उघडलं. माझी पाच पुस्तकं मिळून दीडशेच्या वर प्रकरणं असतील, पण तिचं बोट नेमकं तिथेच पडलं. सातव्यात नायिका तापातून पहाटे जागी होते. नायक रात्रभर उशाशी बसलेला आहे. खिडकीतून कोवळं ऊन, आणि मग जे व्हायचं ते. हा परिच्छेद मी अकरा वेळा लिहिला होता. असिस्टंट तो बसचं वेळापत्रक वाचावं तसा वाचत होती, मध्ये मध्ये "डावीकडे वळा जरा" असं मला सांगत.

"थांब, थांब," डॉक्टर म्हणाले. त्यांचा हात माझ्या तोंडात थबकला. "आत्ता झोपेतून उठलीय ना ती?"

"हो सर."

"ब्रश केला?"

असिस्टंटने वर-खाली बघितलं. "तसं काही लिहिलं नाही."

"आणि त्याने?"

"तो झोपलाच नाही, सर. रात्रभर बसून होता."

"म्हणजे रात्री जेवणानंतर डायरेक्ट!" डॉक्टर मागे सरले. "अहो, झोपेत लाळ कमी होते, जंतूंना मोकळं रान. एका अभ्यासात निघालंय, दहा सेकंदांच्या चुंबनात 8 कोटी जंतू इकडून तिकडे जातात. 8 कोटी! किती वेळ चाललंय हे?"

"वेळ दिला नाही," असिस्टंट म्हणाली. "'काळ थांबला' असं लिहिलंय."

"काळ थांबला!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की किडलेली दाढ हा त्या परिच्छेदाचाच परिणाम असावा. "हिरो करतो काय?"

"सर्जन आहे."

"सर्जन! आणि ब्रश करत नाही!"

"सर, पण तिला ताप होता. तो किती काळजीत होता ते आधीच्या पानावर आहे." पोरगी माझ्या नायकासाठी भांडत होती. तिने फुकट वाचलं होतं हे मी त्या क्षणी जवळजवळ माफ केलं.

"काळजी होती तर माउथवॉश तरी," डॉक्टर म्हणाले आणि मूळ साफ करायची सुईसारखी फाइल आत घातली. मी "आँ!" केलं. तो निषेध होता. त्यांनी तो होकार म्हणून घेतला.

मग तो प्रश्न आला. "शेवटी काय होतं?"

"एकत्र येतात, सर."

"म्हणजे ते आधीच माहीत असतं? मग वाचायचं कशाला?"

माझ्या एका पुस्तकाला एक तारा मिळालाय. त्याखाली लिहिलंय, 'शेवट ओळखता आला, दोघं एकत्र येतात.' अहो, तोच तर करार आहे! रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही 1980 साली सुरू झालेली संघटना. तिच्या व्याख्येत प्रेमकादंबरीच्या दोनच मुख्य अटी आहेत. गाभ्यात प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. बाकी तुम्ही नायकाला पिशाच्च करा नाही तर दंतवैद्य. डॉक्टर, तुमच्याही खुर्चीत शेवट ठरलेलाच असतो, दाढ वाचते. म्हणून मधला भाग मला कमी दुखला का?

हे सगळं मी मनात म्हणाले. तोंडात कापूस होता.

मधल्या भागाचंच कुणाला काही वाटत नाही. या पुस्तकाला मला चौदा महिने लागले. नोकरीवरून आल्यावर, रात्री. संपादकाचे पैसे मी दिले, मांडणीचे दिले, त्या दाढीवाल्याचे दिले. भेटेल तो म्हणतो, "मी पण लिहिणारे एकदा रिटायर झाल्यावर." डॉक्टरही म्हणाले. दाढेचं तिसरं मूळ साफ करता करता म्हणाले. मी रिटायर झाल्यावर चार-दोन दाढा कोरून बघीन, असं त्यांना ऐकवायला हवं होतं. पण असं बोललं की आपणच कडवट ठरतो, आणि प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला तर ते मुळीच शोभत नाही म्हणे.

आनंद नाही असंही नाही. किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणी भरून ई-पुस्तकं वाचायच्या योजनेत 2015 पासून लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात, त्यामुळे रोजची पानं मोजता येतात. महिनाभर शून्य, शून्य, शून्य, आणि एका सकाळी बघावं तर 312. म्हणजे कुणीतरी एका बैठकीत अख्खं पुस्तक संपवलं. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांशी गोड बोलते. एकदा एका बाईंनी तीन पानी पत्र पाठवून मला झापलं होतं, की नायिकेने त्या माणसाला इतक्या लवकर माफ करायला नको होतं, निदान पावसाळा तरी जाऊ द्यायचा. माझ्या डोक्यातून निघालेल्या माणसांवर कुणीतरी खरोखर चिडलंय! ते पत्र मी जपून ठेवलंय. मानधनाची पावती जपावी अशी अजून आलेली नाही.

बिल मात्र आलं. मुळं तीन, म्हणजे पैसे तिन्हींचे, कॅपचे वेगळे. सहा महिन्यांचं मानधन त्यात सहज मावलं. मी पैसे मोजत असताना डॉक्टर हसत म्हणाले, "एक प्रत द्या की आम्हाला. वेटिंगमध्ये ठेवू, तुमची जाहिरात होईल."

माझी जीभ अजून बधिर होती. "हो" म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. पंधरा दिवसांनी विचारते आहे स्वतःला.

असिस्टंट दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "मॅडम, दुसरा भाग कधी? ग्रुपवर अजून आला नाही."

त्या रात्री दुसरा भागच लिहायला बसले. पुन्हा पहाट, पुन्हा खिडकी, पुन्हा कोवळं ऊन. तो तिच्याकडे झुकला. आणि कितीही ढकललं तरी पुढे सरकेना. शेवटी उठला, बाथरूममध्ये गेला, दोन मिनिटं व्यवस्थित ब्रश केला, चूळ भरली, परत आला.

तोवर ती झोपून गेली होती.