खुलासा : बोका आणि रिव्हरची मैदाने शेजारी-शेजारी नाहीत

ब्युनोस आयर्सला जाणाऱ्या प्रवाशांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट या कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल क्लबांची मैदाने ला बोका वस्तीतच शेजारी-शेजारी असून दोन्ही संग्रहालये एकाच तिकिटात पाहता येतात आणि १९७८च्या विश्वचषकाचा अंतिम सामना बोकाच्या मैदानावर झाला, असे त्यात म्हटले आहे. ही माहिती चुकीची आहे.

बोकाचे ‘ला बोंबोनेरा’ हे १९४० साली खुले झालेले मैदान शहराच्या आग्नेयेला बंदराजवळ आहे, तर रिव्हरचे ‘मोनुमेंताल’ उत्तरेला नुन्येस भागालगत आहे. दोहोंमधले अंतर दहा किलोमीटरांहून अधिक असल्याने पायी जाण्याचा बेत कोणी आखू नये. गैरसमजाचे मूळ बहुधा इतिहासात असावे, कारण १९०१ साली स्थापन झालेल्या रिव्हरचा जन्मही ला बोकातलाच (बोकाच्या चाहत्यांना हे आठवून दिलेले फारसे रुचत नाही). पुढे हा क्लब उत्तरेकडे सरकला आणि १९३८ साली मोनुमेंतालमध्ये स्थिरावला.

अर्जेंटिनाने नेदरलँड्सला जादा वेळेत ३-१ असे हरवले तो २५ जून १९७८चा अंतिम सामना याच मोनुमेंतालवर झाला.

संग्रहालये दोन्ही मैदानांच्या आवारातच आहेत, परंतु प्रत्येकाचे तिकीट स्वतंत्र असते. एखाद्या सहल कंपनीने ती एकत्र विकली, तर ती तिची स्वतःची योजना समजावी. सामन्याच्या दिवशी मैदानाची फेरी बंद राहू शकते, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी सामन्यांचे वेळापत्रक पाहावे.