दार मला उघडू द्या

काल रात्री एका शूटर, म्हणजे गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये, मी एका बंद दारासमोर अकरा मिनिटं उभा होतो. हातात शॉटगन, पाठीला रॉकेट लाँचर, कमरेला चार ग्रेनेड. दार लाकडी, खालून कुजलेलं, फळ्यांच्या फटीतून पलीकडचा दिवा दिसतोय. आणि ते मला उघडता येत नाही. का, तर ते सार्जंटने लाथ घालून उघडायचं असं ठरलंय. आणि सार्जंट मागच्या खोलीत टेबलाच्या कोपऱ्याला अडकून जागच्या जागी धावतोय.

"माझ्या मागे राहा!" दर दहा सेकंदांनी तेच वाक्य, त्याच सुरात. अरे, तू ये ना आधी!

शॉटगन झाडली दारावर. ओरखडासुद्धा नाही. ग्रेनेड टाकला. खोलीतल्या खुर्च्या उडाल्या, दार होतं तसंच. मग डोकं फिरलं आणि रॉकेट मारलं. रॉकेटने मी मेलो, दार शाबूत. आणि पुन्हा सुरुवात कुठून? हेलिकॉप्टरमधल्या कटसीनपासून, म्हणजे नुसत्या बघायच्या प्रसंगापासून, जो स्किप करता येत नाही. तो अधिकारी पुन्हा तोच नकाशा उघडणार, त्यावर तेच बोट फिरवणार, आणि मी ऐकून घेणार, कारण तेवढा वेळ माझ्या हातातल्या कंट्रोलरला काडीची किंमत नसते.

दुसऱ्या खेपेला मुकाट्याने सार्जंटच्या मागे चाललो. धावलो की त्याच्या पुढे जातो, चाललो की मागे पडतो. माझा वेग आणि त्याचा वेग जुळत नाही हे गेम बनवणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये? शेवटी एकदाची त्याने लाथ घातली. स्लो मोशन. आत चौघं, पाठमोरे, दचकून वळणारे. तेव्हा मी कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. म्हटलं बघू या. सार्जंटने एक टिपला, दुसरा टिपला, तिसरा, चौथा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "छान नेम!"

मी गोळी झाडलीच नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. मला हरवलं असतं तर चाललं असतं. त्या खोलीत वीस वेळा मारलं असतं तरी तक्रार केली नसती, उलट पहाटेपर्यंत बसलो असतो. पण तू काहीही केलं नाहीस तरी आमचं अडत नाही, हे तोंडावर सांगायचं आणि वर शाबासकी द्यायची? मग मला बोलावलं कशाला? शंभर जीबीच्या वर डाउनलोड करून घेतलंत, ते सार्जंटची मर्दुमकी बघायला?

आणि हे सगळं आधी जमलेलं आहे हो! त्याचाच जास्त संताप येतो. १९९८ सालचा हाफ-लाइफ हा गेम घ्या. त्या प्रयोगशाळेत जो अनर्थ घडतो तो कोण घडवतं? आपण. नमुना ठेवलेली गाडी किरणांत ढकलायची असते, आणि ती कुठल्या कटसीनमध्ये कोणी परस्पर ढकलत नाही. आपण चालत जातो, गाडीला भिडतो, ढकलतो. पुढे जे आभाळ फाटतं ते आपल्या हातून फाटलेलं असतं. म्हणून ते आजही लक्षात आहे. त्याच गेममधली ती सायलो, म्हणजे जमिनीत खोल गेलेली विहीर, आठवा, तळातून वर आलेल्या तीन अवाढव्य सोंडा, टोकाला चोच. त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. गोळ्या झाडून काही उपयोग नाही. ग्रेनेड लांब फेकायचा, त्या आवाजाकडे वळल्या की आपण कडेकडेने सरकायचं. मग खालच्या मजल्यांवर जाऊन इंधन, ऑक्सिजन, वीज एकेक चालू करायची आणि वर टांगलेलं रॉकेटचं इंजिन त्यांच्यावरच पेटवायचं. शूटर गेम, आणि त्यातली सगळ्यात थरारक जागा पाय न वाजवता चालण्याची! हे १९९८ मध्ये सुचलं होतं. आज यांना दार सुचतं.

हाफ-लाइफ २ मध्ये, २००४ साली, स्टेशनवरचा तो पोलीस मुद्दाम डबा खाली पाडतो आणि उचलून कचऱ्यात टाकायला सांगतो. तेवढ्यात वस्तू कशा उचलायच्या, कशा फेकायच्या हे आपण शिकून जातो. तोच डबा त्याच्या अंगावर फेकायची मुभा असते, आणि फेकला की तो दंडुका घेऊन मागे लागतो. एका डब्यात धडा, अपमान आणि बंड तिन्ही! पुढे रेव्हनहोममध्ये शिरताना एक झोंबी मधोमध कापलेला दिसतो, शेजारी गोल करवतीचं पातं रुतलेलं. कोणी काही बोलत नाही. पडद्यावर सूचना येत नाही. आपण पात्याकडे बघतो, हातातल्या, वस्तू ओढून फेकणाऱ्या ग्रॅव्हिटी गनकडे बघतो, आणि डोक्यात दिवा लागतो. तो दिवा आपण लावलेला असतो. काल मला दहा सेकंद थांबलो म्हणून कानात सांगत होते, "लिव्हर वापरून बघ." अहो, दिसतोय लिव्हर! त्याला पिवळा रंग फासलाय, त्याच्यावर बाण नाचतोय, सार्जंट त्याच्याकडे बोट दाखवतोय. अजून काय राहिलंय, माझा अंगठा धरून दाबून घ्या.

पिवळ्या रंगाचं निघालंच आहे तर बोलूनच टाकतो. प्रत्येक शिडीला पिवळा रंग, प्रत्येक कठड्याला पिवळा रंग. खिंडारातून अंग चोरून सरकायचा तो संथ प्रकार, पुढची लेव्हल लोड होईपर्यंत आपल्याला भिंतींच्या मध्ये चेपून ठेवतात. कानाला बोट लावून रेडिओवर बोलत चालायचं, आणि बोलणं संपेपर्यंत धावायचं बटण बंद. दोन पावलं डावीकडे गेलो की "तुम्ही मिशनचं क्षेत्र सोडत आहात", पाच, चार, तीन, दोन, मेलात. कशाने मेलो? कुतूहलाने! १९९३ च्या डूमची पहिलीच लेव्हल आठवा. खिडकीतून बाहेरच्या अंगणात निळं चिलखत दिसतं. तिथे जायचं कसं हे कोणी सांगत नाही, पण वाट आहे, आणि ती शोधणाऱ्याला चिलखत मिळतं. तिथे कुतूहलाला बक्षीस होतं. इथे त्यासाठी देहदंड आहे.

आणि आता टायटनफॉल २. हो, पुन्हा तोच. मी हे नाव काढलं की मित्र डोळे फिरवतात, फिरवू देत. २८ ऑक्टोबर २०१६ ला आला. आदल्या आठवड्यात बॅटलफील्ड १, पुढच्या आठवड्यात कॉल ऑफ ड्यूटीचा नवा भाग, आणि या दोघांच्या मध्ये या बिचाऱ्याला उभा केला. विक्री बसली. ते दुःख मी आजतागायत विसरलेलो नाही.

त्यातलं 'इफेक्ट अँड कॉज' नावाचं मिशन. एक उद्ध्वस्त संशोधन केंद्र. मनगटावर एक यंत्र मिळतं. एक बटण दाबलं की क्षणात भूतकाळ: दिवे लखलखीत, माणसं कामात, पहारेकरी बंदुका रोखून. पुन्हा दाबलं की वर्तमान: छत कोसळलेलं, वेली, अंधारात गुरगुरणारी जनावरं. भूतकाळात चौघांनी घेरलं की वर्तमानात सटकायचं, चार पावलं चालून त्यांच्या पाठीमागे जायचं, पुन्हा भूतकाळात उतरायचं. ते अजून आपण होतो त्या जागेकडेच बघत असतात! आणि मग ती उडी. एका भिंतीवरून धावत सुटलोय, पुढची भिंत आजच्या काळात नाहीच, कधीच ढासळली आहे. हवेत असताना बटण दाबायचं. भिंत येते. तिच्यावरून धावायचं, उडी, पुन्हा बटण, कारण तिसरी भिंत फक्त आजच आहे. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. बनवणाऱ्यांनी काय केलंय, तर एकाच जागेच्या दोन लेव्हल एकावर एक रचल्या आणि बटण दाबलं की खेळाडूला वरून खाली, खालून वर हलवलं. कल्पना इतकी साधी, पण त्यासाठी प्रत्येक खोली दोनदा बांधावी लागली, आणि दोन्हीकडे पाऊल टेकायला जागा आहे ना हे बघावं लागलं.

आणि ते यंत्र फक्त त्या एका मिशनपुरतं! दुसऱ्या कोणी त्यावर अख्खा गेम काढला असता, तीस तास ताणला असता, यंत्राला पाच अपग्रेड लावले असते. यांनी पोट भरायच्या आत ताट उचललं. त्याच्या आधीचं मिशन बघा. एका कारखान्यात सरावासाठी घरं जुळवली जातात, खोटी गावं उभी करायला. आपण त्या जुळणीच्या पट्ट्यावर. भिंती आडव्या येतात, उभ्या होतात, जमीन फिरून भिंत होते. पुन्हा कधी तो कारखाना दिसत नाही. कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची गोष्ट, पाच-सहा तासांत संपते म्हणून नाकं मुरडणारे आहेत. तास मोजता? वीस तास सार्जंटच्या मागे चालून काय मिळवलंत, त्यातली एक खोली आठवून सांगा बरं!

कोणी म्हणेल, मागे चालायची मिशन्स वाईटच असतात का? नसतात. हे मला प्रामाणिकपणे कबूल करायचं आहे, कारण याच मुद्द्यावर सगळे घसरले. २००७ च्या कॉल ऑफ ड्यूटी ४ मधलं 'ऑल गिलीड अप'. चेर्नोबिलजवळच्या ओस प्रिप्यात शहराच्या आसपासचं गवत, पुढे कॅप्टन मॅकमिलन, मागे आपण. तो थांब म्हणाला की थांबायचं, सरक म्हणाला की सरकायचं. पूर्ण मिशनभर हुकूम. आणि मग ती गस्त येते. आपण गवतात पालथे, सैनिकांचे बूट हातभर अंतरावरून चाललेत, चिलखती गाड्या चालल्यात. कोणी हात बांधलेले नाहीत. ट्रिगर बोटाखाली आहे, दाबला तर गोळी सुटेल आणि सगळं संपेल. तो न दाबणं हाच खेळ! श्वास रोखून मी पडून राहतो, कारण बिघडवायचं माझ्या हातात आहे. त्यानंतर प्रत्येकाने गवत घेतलं, स्नायपर घेतली, कुजबुजणारा कॅप्टन घेतला. तो ट्रिगर तेवढा काढून घेतला.

त्याच गेममध्ये अणुस्फोटानंतर पडलेल्या हेलिकॉप्टरमधून सरपटत बाहेर येतो तो प्रसंग आहे. वाचण्याची शक्यता शून्य. तरी सरपटायचं आपणच. चार पावलं टाकायची, पडायचं, बघायचं. दोन मिनिटांत सगळं संपतं आणि बरीच वर्षं मनातून जात नाही. आणि बायोशॉकमध्ये, त्याच वर्षी, ज्या खोलीत आपला कंट्रोल काढून घेतात तिथे तो काढून घेणं हाच घाव असतो. न खेळलेल्यांसाठी पुढचं सांगत नाही. पण काढून घेण्यालाही कारण लागतं ना! कालच्या गेमने पहिल्या तासात चौदा वेळा कंट्रोल काढून घेतला. हो, मी मोजले. दार उघडायला, गाडीत बसायला, खांद्यावर थोपटून घ्यायला.

शत्रूंचं तर बोलूच नका. २००५ चा फिअर हा गेम घ्या. त्यातले सैनिक आपण कुठे आहोत ते एकमेकांना ओरडून सांगतात, टेबल आडवं पाडून त्याच्या मागे दबा धरतात, आपण कोपरा सोडत नाही म्हटल्यावर ग्रेनेड टाकून बाहेर काढतात. ऑफिसच्या साध्या खोल्या, करडे कॉरिडॉर, आणि तीच चकमक पाचदा खेळलो तर पाच वेगळ्या तऱ्हेने घडते. काल माझ्यासमोर माणसं एकाच खिडकीत एकामागून एक डोकं काढत होती. तीच खिडकी, तेच डोकं. सार्जंट ओरडतोय, "ते सगळीकडे आहेत!" कुठे आहेत रे सगळीकडे? खिडकीत आहेत!

वर लोक कौतुकाने म्हणतात, अगदी सिनेमा बघितल्यासारखं वाटलं. मला हे वाक्य ऐकवत नाही. सिनेमा बघायचा तेव्हा मी सिनेमा बघतो. २०१३ च्या मेट्रो: लास्ट लाइटमध्ये मास्कच्या काचेवर रक्त, चिखल उडतो आणि तो पुसायला वेगळं बटण आहे. नुसतं पुसणं. पण हात वर येतो, काच स्वच्छ होते, आणि त्या गुदमरलेल्या जगात मी खरोखर असतो. एक बटण! सुपरहॉटमध्ये आपण हललो तरच काळ पुढे सरकतो, बस, एवढा एकच नियम, आणि एकेक गोळी हवेत लटकलेली बघत मी तासन्‌तास घालवलेत. यात कुठे अवाढव्य पैसा लागला? कोणीतरी बसून विचार केला की खेळणाऱ्याच्या हाताला आज नवीन काय द्यावं, आणि मग त्याच्यावर सोडून दिलं.

कालचा गेम काढून टाकलाय. जागा मोकळी झाली तिथे टायटनफॉल २ पुन्हा उतरतोय, इथवर लिहीपर्यंत सत्तर टक्के झाला. झाला की थेट त्या केंद्रात जाणार, त्या भिंतींपाशी. तिथे कोणी सार्जंट नाही. हवेत असताना बटण दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर मी सरळ खाली जाणार, आणि "छान नेम" म्हणायला कोणी येणार नाही.