पिवळा मार्कर जपून वापरा

अमेरिकेत सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झालात? अभिनंदन. शाळेत गरीब घरची मुले भरपूर असतील तर दुप्पट अभिनंदन, कारण 1965 च्या कायद्यातल्या ‘टायटल वन’खाली वॉशिंग्टनहून पैसा येणार. अर्थात पैशामागून हिशेब येतोच. 2002 मध्ये जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा सक्तीची केली आणि 2014 पर्यंत 100 टक्के मुले ‘प्रवीण’ झालीच पाहिजेत, असे फर्मावले. 100 टक्के! आपल्या पंगतीत जिलबीलासुद्धा एवढी मते पडत नाहीत.

घाबरू नका. प्रवीण कोणाला म्हणायचे, हे ठरवणार राज्य. उडी जमेना तर दोरी खाली घ्यायची. काही राज्यांनी घेतलीही.

तुमचे काम यादी आणि तीन मार्करचे. पास होणारच ती हिरवी. त्यांना वाऱ्यावर सोडा. फार मागे ती लाल. पासाची रेघ 50 वर असेल, तर 20 वरून 40 वर आलेले पोर नापासच, मग त्याच्यावर घाम का गाळायचा? पण 48 वाले 51 वर गेले की अख्खे एक मूल वाढले! ही काठावरची पोरे पिवळी. चित्रकलेचा तास, इतिहास, मधली सुट्टी, सगळे त्यांच्या गणिताला द्या.

कृष्णवर्णीय, अपंग, इंग्रजी शिकणारी अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा लागतो. मात्र गट किमान केवढा हवा, हेही राज्यच ठरवते. कुठे 20, कुठे 30. तिसाच्या राज्यात 29 जण असतील तर देवाचे आभार माना. ती पोरे वर्गात बसतात, डबा खातात, पण गट म्हणून हिशेबात नसतात. परीक्षेला मात्र 95 टक्के हजेरी लागते, तेव्हा तापाने फणफणलेलेही बोलवा.

राहता राहिला खोडरबर. अटलांटात एका शाळेच्या शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी सहकाऱ्याच्या घरी जमून उत्तरपत्रिकांतले चुकीचे गोल खोडले, बरोबर भरले. 2011 च्या चौकशीत 44 शाळांतले 178 जण अडकले. 2015 मध्ये 11 जण कोर्टात दोषी ठरले. खोडलेल्या खुणा यंत्र मोजते, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. नव्या मंडळींचे असे होते.

2015 मध्ये ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ते 100 टक्के गेले. परीक्षा तेवढी राहिली. तेव्हा मार्कर फेकू नका. पिवळा आधी संपतो, दोन आणून ठेवा.