पट काढ की लेका!

रविवारी सकाळी साडेसात ही काही सभ्य माणसाने मारामारी बघायची वेळ नव्हे, मान्य. पण लास व्हेगासला शनिवारची संध्याकाळ झाली की यूएफसीच्या, म्हणजे मुठी, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या अमेरिकन मारामारीच्या पिंजऱ्याचं दार उघडतं आणि तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडलेला असतो. तिकडे थंडीत घड्याळं मागे घेतली की आणखी तासभर उशिरा. त्यानंतर मुख्य लढत यायला आणखी दोन-अडीच तास. म्हणजे मराठी घरात ज्या वेळात सगळी कामं, सगळे पाहुणे आणि सगळी बिलं येतात, नेमका तोच वेळ. फुटबॉलवेड्यांचं बरं असतं. ते रात्री जागतात, घरचे झोपलेले असतात, कोणी काही विचारत नाही. आम्हाला आमचा शौक भर दिवसा, सगळ्यांदेखत, मिक्सरच्या आवाजात करावा लागतो.

त्यात या खेळाला वेळेचा धरबंध नाही. किताबाची लढत पाच फेऱ्यांची, फेरी पाच मिनिटांची, म्हणून माणूस मांडी ठोकून बसतो. डिसेंबर २०१५ मध्ये कॉनर मॅकग्रेगर आणि जोसे आल्डो यांची लढत झाली. आल्डो दहा वर्षं हरलेला नव्हता. त्याआधी दोघांना देशोदेशी हिंडवून, एकमेकांच्या अंगावर जायला लावून कित्येक महिने प्रकरण तापवलं होतं. लढत तेरा सेकंदांत संपली. ती मला दिसली, कारण त्या सकाळी दार वाजलं नाही. ७ जुलै २०१९ ला वाजलं. मास्विडाल विरुद्ध आस्क्रेन. दारात पेपरवाला, अंगावर रेनकोट, हातात भिजलेलं बिलबुक. त्याला सुट्टे हवे होते. मी पाकिटातल्या दहाच्या नोटा मोजतोय तोवर आतून अमेरिकन निवेदकांनी एकदम बोंब ठोकली. मास्विडालने पळत येऊन उडी मारली होती आणि गुडघा आस्क्रेनच्या कानशिलात घातला होता. पाच सेकंद. यूएफसीच्या इतिहासातला सर्वांत झटपट नॉकआउट. मी आत आलो तेव्हा आस्क्रेन लाकडासारखा आडवा होता आणि माझे सासरे रिमोट मांडीवर ठेवून शांत बसले होते.

"काय झालं अण्णा?"

"झाली की."

"अहो, कशी?"

"तुमी गेला आणि झाली. पेपरवाल्याला दिलं का पैसे?"

अण्णा मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी तालमीत होते. मुडपलेला डावा कान अजून त्याची साक्ष देतो. पुण्यात आमच्याकडे राहायला आल्यावर पहिल्या रविवारी ते माझ्या शेजारी बसले, पडद्यावर दोन माणसं जाळीला टेकून एकमेकांना रेटत होती, ते बघितलं आणि म्हणाले, "लंगोट सोडला तर सगळं हाय की." तेव्हापासून रविवार माझा एकट्याचा राहिला नाही.

अडचण एकच होती. कुस्तीत पाठ टेकली की निकाल. हलगी वाजते, जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात, विषय संपतो. इथे पाठ टेकली की काही जणांचा धंदा सुरू होतो. हे अण्णांच्या गळी उतरवायला मी त्यांना ऑगस्ट २०१० ची जुनी लढत लावून दिली, अँडरसन सिल्वा आणि चेल सॉनन यांची. सॉनन मुळात पैलवान. त्याने पहिल्या फेरीपासून विजेत्या सिल्वाचे पट काढले, म्हणजे पाय धरून खेचले, त्याला खाली घेतलं, वर बसून कुटलं. एक फेरी, दोन, तीन, चार. अण्णा खुशीत. "झाली केव्हाच! पंच कुठं गेलाय?" पाचवी फेरी सुरू झाली, सिल्वा परत खाली. तीन मिनिटं उलटून गेली. आणि खाली उताणा पडलेल्या त्या माणसाने वरच्याची मान आणि एक हात आपल्या दोन पायांत असा काही अडकवला की सॉननला हात थोपटून हार मानावी लागली. उरली होती दोन मिनिटांहूनही कमी.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे चीत झालेला जिंकला?"

"हो."

"आणि तेवीस मिनटं वर बसलेला हरला?"

"हो."

"हे कोर्टात असतंय," ते म्हणाले आणि अंघोळीला गेले.

त्यांचा दुसरा आक्षेप निवेदनावर. गावच्या मैदानात माईक ज्याच्या हातात असतो तो पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, वस्तादाचा वस्ताद सगळं सांगतो. मध्येच कुणा सरपंचांनी लावलेलं इनाम पुकारतो, हरवलेल्या मुलाच्या चड्डीचा रंग सांगतो, आणि तरीही पट निघाला की त्याच्या तोंडून पहिला शब्द पडतो. अण्णांचं म्हणणं, ही माणसं नुसती ओरडतात. मला ते पटत नाही. जो रोगन ओरडतो हे खरं, पण कोणाचा हात कुठे अडकलाय आणि पुढच्या दहा सेकंदांत काय होणार हे तो आधी सांगतो. जॉन ॲनिक आकडे आणि नावं सांभाळतो. डॅनियल कॉर्मिए स्वतः ऑलिंपिकला गेलेला पैलवान आणि दोन वजनगटांचा माजी विजेता. त्याच्याबद्दल मात्र अण्णांची तक्रार नाही. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण आवाज ओळखतात. "ह्यो खाल्लेला माणूस हाय," म्हणतात.

मी त्यांना सांगितलं की सुरुवातीला निवेदनाची काय दशा होती. १२ नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर. यूएफसीचा पहिलाच कार्यक्रम. वजनगट नाहीत, हातमोज्यांची सक्ती नाही. आर्ट जिमरसन नावाचा मुष्टियोद्धा तर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. पहिल्याच लढतीत जेरार्ड गोर्डोच्या लाथेने टेला टुलीचा दात उडाला. आणि हे सगळं सुरू होण्याआधी निवेदक बिल वॉलेस कॅमेऱ्यासमोर स्वागत करता करता मध्येच ढेकर देऊन बसले. थेट प्रक्षेपणात! अण्णांनी विचारलं, "जेवण काय होतं?" याचं उत्तर कुठल्याच नोंदीत नाही.

खरी गंमत २०२० च्या मे महिन्यात झाली आणि तिने माझ्या घराचं कायमचं नुकसान केलं. करोनात सगळं बंद असताना यूएफसीने जॅक्सनव्हिलला रिकाम्या स्टेडियममध्ये लढती घेतल्या. प्रेक्षक नाहीत, त्यामुळे पिंजऱ्याशेजारी बसलेल्या निवेदकांचा शब्द न् शब्द आत ऐकू जायचा. ग्रेग हार्डी लाथा खात होता. कॉर्मिए माईकवर म्हणाला की यानं लाथ अडवायला हवी. हार्डीने ते ऐकलं, लाथा अडवायला लागला, जिंकला, आणि नंतर मुलाखतीत कॉर्मिएचे जाहीर आभारही मानले.

हे मी कौतुकाने अण्णांना सांगितलं. त्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा, की ओरडलं तर पोचतं. तोवर ते सोफ्यावर बसून पुटपुटायचे. आता उभे राहतात. लुंगी वर खोचतात, टीव्हीपासून हातभर अंतरावर जातात आणि लास व्हेगासमधल्या माणसाला सांगलीच्या मराठीत सूचना करतात. "पट काढ की लेका! पट! आरं मान खाली घालू नको, मान वर! उभा काय राहिलास, लगीन हाय का?" पुढच्या क्षणी त्या बिचाऱ्याने योगायोगाने पट काढला, की माझ्याकडे वळून बघतात. काढला नाही तर, "हेडफोन घातलाय का त्यानं?" वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा काळजीने विचारायला आले, घरात सगळं ठीक आहे ना. हिने त्यांना आत बोलावून पोहे दिले. आता तेही येतात.

निकालपत्राच्या बाबतीत अण्णांची बाजू मला घ्यावीच लागते. तीन पंच, प्रत्येक फेरीत वरचढाला दहा गुण, दुसऱ्याला बहुतेक वेळा नऊ. ऐकायला सोपं. ८ जून २०२४ ला लुइव्हिलला उत्तर प्रदेशची पूजा तोमर लढली. यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. आम्ही दोघांनी उड्या मारल्या, सोफ्याचा एक पाय तेव्हापासून हलतो. पण गुण बघा: एका पंचाचे ३०-२७, दुसऱ्याचे २७-३०, तिसऱ्याचे २९-२८. म्हणजे एकाच्या मते तिने तिन्ही फेऱ्या जिंकल्या, दुसऱ्याच्या मते तिन्ही हरल्या. दोघेही त्याच पिंजऱ्याशेजारी बसलेले. ही म्हणाली, "यात नवल काय? आमच्या भिशीत प्रत्येक लग्नाबद्दल असंच असतं."

आता लॅपटॉपवरच्या लढतींबद्दल. भाच्याकडे मोठ्या कंपनीचा, २०२३ मध्ये आलेला खेळ आहे, त्यात खबीब या यूएफसीच्या लढवय्याच्या पाठीवरचा घामसुद्धा दिसतो. तो अण्णांना दाखवला तर म्हणाले, बाहुल्या हायत. त्यांना आवडला माझा जुना, चित्रं नसलेला खेळ. त्यात आपण एक लढवय्या तयार करायचा, त्याला सराव द्यायचा, त्याची जगातल्या कुठल्या तरी दुसऱ्या रिकामटेकड्याच्या लढवय्याशी जोड लावायची. लढतीआधी बेत ठरवून द्यायचा: मुठी किती टक्के, लाथा किती, पट किती. एकदा घंटा झाली की आपल्या हातात काही नाही. पडद्यावर एकेक इंग्रजी ओळ उमटत जाते, तेवढी वाचायची. निवेदन आहे, निवेदक नाही. मारामारी आहे, माणूस नाही. हे असलं काही मी आवडीने करतो, हे ऑफिसात कोणाला माहीत नाही.

आमच्या पठ्ठ्याचं नाव अण्णांनी ठेवलं, वादळ. बेतही त्यांचाच. मी म्हणत होतो, थोड्या मुठी, थोड्या लाथा, समोरच्याला अंदाज येऊ नये. अण्णा म्हणाले, "पट. शंभर टक्के."

"अण्णा, सारखा पट काढायला गेला तर मान सापडते. भरत खंडारेचं काय झालं?" २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शांघायला यूएफसीत उतरलेला भारताचा पहिला लढवय्या. तोही कुस्तीतला. सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याची मान काखेत धरली आणि आवळली.

"वादळाची मान जाड हाय," अण्णा म्हणाले. मान किती जाड याचा रकानाच त्या खेळात नाही, पण जावयाने किती बोलायचं याला मर्यादा असते.

लढत शनिवारी रात्री होती. समोर ब्राझीलचा कोणी. अण्णांना इंग्रजी वाचता येईना, मला आवाज फुटेना, म्हणून वाचायचं काम हिच्याकडे आलं. समोर ताटात मेथीची जुडी, मेथी निवडता निवडता ही स्क्रीनकडे बघून मराठीत सांगत होती. जुन्या रेडिओवर बाजारभाव सांगायचे, तो आवाज.

"वादळ पुढे आले. वादळ पायाला धरायला गेले. धरता आले नाही. वादळ पुन्हा धरायला गेले. समोरचा बाजूला झाला. वादळ पडले."

"कशावर पडलं?" अण्णा ओरडले.

"लिहिलं नाही. उठले. पुन्हा पायाला धरायला गेले. अण्णा, हा दुसरं काही करतच नाही का?"

"तू वाच!"

"समोरच्याने गुडघा मारला. वादळाला लागले. वादळ पुन्हा पायाला धरायला गेले. धरले!"

अण्णा उभे राहिले. लुंगी वर गेली. "खाली घे! घे खाली! सोडू नको!" वरच्या गृहस्थांचं दार उघडल्याचा आवाज आला.

"वादळाने खाली घेतले," ही म्हणाली, आणि मेथीचं एक देठ मोडलं. "समोरच्याने मान पकडली."

"मान काढ! आरं मान!"

"आवळली."

"वर बघ, वर! खांदा घाल!"

"वादळ सुटायचा प्रयत्न करत आहे. वादळ सुटायचा प्रयत्न करत आहे. वादळ—" ती थांबली. "ही ओळ तीनदा का आली?"

चौथ्यांदा नाही आली. पहिली फेरी, दोन मिनिटं अन् काही सेकंद, वादळने हात थोपटला. अण्णा खाली बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "त्याला खुराक काय देता तुमी?" मी सांगितलं, खेळात तसं काही नाही, सरावाचे तास असतात. "म्हंजे उपाशीपोटी लढवला पोराला." एवढ्यात वरचे गृहस्थ आले, त्यांना काय घडलं ते अण्णांनी पहिल्यापासून सांगितलं. त्या सांगण्यात वादळने सहा वेळा पट काढला, समोरचा पैलवान अडीचशे किलोचा होता आणि पंच ब्राझीलचाच होता.

तासाभराने त्या ब्राझीलवाल्याचा निरोप आला. पुन्हा लढत घ्यायची का, अशी विचारणा होती. मी अण्णांना वाचून दाखवलं.

"इनाम किती?"

"पाचशे डॉलर. पण ते खोटे असतात अण्णा, खेळातलेच. हातात काही येत नाही."

"म्हंजे नारळावरची कुस्ती," अण्णा म्हणाले, "आणि नारळबी नाही." मग चष्मा पुसून त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "लावा जोड. आणि ह्या खेपेला पट एकशेदहा करा."