घरं आधी, बाकी सगळं नंतर

नवं उपनगर वसतं तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं : "आधी घरं तर होऊ द्या, बाकीचं होईल हळूहळू." मला हे वाक्य फार घातक वाटतं. त्या 'हळूहळू'च्या काळातच उपनगराचा स्वभाव ठरून जातो, आणि एकदा ठरला की बदलायला पिढी जाते.

ॲम्स्टरडॅमच्या आग्नेयेचं बाइल्मरमीर (थोडक्यात बाइल्मर) हे उपनगर घ्या. १९६६ साली बांधकाम सुरू झालं आणि १९६८ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. आखणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. प्रशस्त, उजेडाची घरं, मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी आकारात वळत गेलेल्या दहामजली इमारती, मध्ये भरपूर झाडं. गाड्यांचे रस्ते खांबांवर उचललेले आणि खालची सगळी जमीन चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी मोकळी. कागदावर यात खोट काढणं अवघड आहे.

पण राहायला आलेल्यांना धड दुकानं नव्हती. मेट्रो आली १९७७ मध्ये, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी! इमारतींच्या तळमजल्यावर घरं नव्हतीच, अडगळीच्या खोल्या होत्या. ज्या जमिनीवर माणसांनी फिरावं अशी अपेक्षा होती, तिच्याकडे बघणारी एकही खिडकी नाही, उघडणारं एकही दार नाही. संध्याकाळनंतर तिथून एकट्यानं चालायला कोणाला बरं वाटेल? ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी हे सगळं मांडलं होतं, त्यांनी दुसरीकडे अंगणाची छोटी घरं पसंत केली. सदनिका रिकाम्या राहू लागल्या.

त्या रिकाम्या घरांत १९७५ च्या सुमारास, दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत सुरिनाम स्वतंत्र होताना, तिथून आलेले हजारो लोक राहू लागले. पुढे बाइल्मर बदनाम झालं आणि बोट या रहिवाशांकडे दाखवलं गेलं. हा अन्याय आहे, आणि तो जगभर होतो. आखणीतली चूक राहणाऱ्यांच्या माथी मारायची! उलट त्या जागेत जीव आणला तो या लोकांनीच. १९७५ मध्ये फुटबॉल सामन्यांपासून सुरू झालेला त्यांचा क्वाकू महोत्सव आजही भरतो. ४ ऑक्टोबर १९९२ ला मालवाहू विमान दोन इमारतींवर कोसळलं आणि ४३ जण गेले. त्या जागी तग धरून उभं राहिलेलं एक झाड आहे, त्याला लोक 'सगळं पाहिलेलं झाड' म्हणतात. ज्यांना आपल्या वस्तीतलं एक झाड असं नावानिशी जपावंसं वाटतं, त्यांना वस्तीबद्दल आपुलकी नाही असं कोण म्हणेल?

याच्या उलट क्रम स्टॉकहोमच्या व्हेलिंगबी या उपनगरात दिसतो. शहरानं १९०४ पासूनच भोवतालच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली होती, म्हणून आखणी शहराच्या हातात राहिली. शहराचे नियोजनप्रमुख स्वेन मार्केलियस यांच्या काळात सूत्र ठरलं : काम, घर आणि केंद्र एकाच ठिकाणी. मेट्रो १९५२ मध्ये पोहोचली, १९५४ मध्ये मध्यवर्ती बाजारपेठ उघडली. उंच इमारती स्थानकाजवळ, लांब जावं तशी बैठी घरं. सगळं जमलं असं नाही. अपेक्षेइतक्या नोकऱ्या तिथे आल्या नाहीत आणि बहुतेकांना कामासाठी बाहेर जावंच लागलं. तरीही वस्ती भरत होती तेव्हाच मेट्रो आणि बाजार दाराशी होते, मला हे फार मोलाचं वाटतं.

बाइल्मरमध्ये नव्वदच्या दशकापासून कित्येक उंच इमारती पाडल्या, उचललेले रस्ते बऱ्याच ठिकाणी जमिनीवर आणले. क्लाइबुर्ग नावाची सुमारे ५०० घरांची इमारतही पाडणार होते. ती वाचवली, आणि २०१७ मध्ये तिच्या नूतनीकरणाला युरोपचा मीस व्हान डर रोहे वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिथे केलेल्या कामांपैकी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते एक : तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोल्या वरच्या मजल्यांवर हलवल्या आणि खाली राहायला, काम करायला जागा केली. जमिनीकडे उघडणारी दारं पन्नासेक वर्षं उशिरा बसली, पण बसली.