एका मेसेजवरून मावशीनं मलम सोडलं

गेल्या रविवारी कोल्हापुरात मंगळवार पेठेत मावशीकडं गेले होते. हात धुवायला मोरीत गेले तर खिडकीत तुरटीचा भलामोठा खडा आणि शेजारी पिळलेलं लिंबू. हे कशाला म्हणून विचारलं तर आधी बोलेचना. मग दार लोटून हळूच म्हणाली, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंचं मलम सोडलंय मी. स्टेरॉईड हाय म्हणं त्यात. कॅन्सर हुतोय त्यानं." आणि फोन माझ्यापुढं धरला.

भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज होता. त्याच आठवड्यात तो मला आणखी दोन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता पुसला होता. या वेळी शेवटपर्यंत वाचला. थोडक्यात असा: "रात्री खालच्या जागेला खाज सुटते ती अस्वच्छतेमुळे. दिवसातून तीनदा साबण आणि जंतुनाशक घालून आतून धुवा, मग तुरटी-लिंबाचे पाणी घ्या. रात्री लसणाची पाकळी कापडात गुंडाळून आत ठेवा. उष्णता वाढली म्हणून खाज येते, तांबडा रस्सा, वांगे, अंडी बंद करा. पांढरे जाते ती हाडांची झीज आहे. सुती कपडे वापरा, उन्हात वाळवा. डॉक्टर देतात ते मलम स्टेरॉईड असते, त्याने कातडी जळते आणि कॅन्सर होतो. सात दिवसांत मुळापासून आराम. प्रत्येक बहिणीला पाठवा."

मी डॉक्टर नाही, हायस्कूलला विज्ञान शिकवते. पण मावशीचं हे दुखणं मी जवळून पाहिलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

मावशी ६२ वर्षांची. दोन वर्षं ती रात्री दीड-दोनला उठून बसायची. ओला टॉवेल धरायची, पंख्याखाली उभी राहायची. झोपेत नखं लागून सकाळी परकराला रक्ताचे डाग. घरात सून, मुलगा, नातवंडं, पण कुणाला एक अक्षर बोलली नाही. आपल्या पेठेतला मेडिकलवाला ओळखतो म्हणून रिक्षानं राजारामपुरीला जाऊन 'खाजेची ट्यूब' आणायची. अशा चार ट्यूब झाल्या. सगळ्या बुरशीवरच्या. दोन दिवस गार वाटायचं, तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. मार्चमध्ये माझ्यासमोर रडली तेव्हा मी तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून बघितलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की ही बुरशी नाहीच. योनीभोवतीची कातडी पांढरट पडलेली, चुरगळलेल्या कागदासारखी पातळ, मध्ये बारीक चिरा. आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. दोन वर्षांत तोवर कुणी बघितलंच नव्हतं, कारण मावशीनं दाखवलंच नव्हतं.

म्हणून मेसेजमधल्या मलमाच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तोच करतोय.

लायकेन स्क्लेरोसस हा संसर्ग नव्हे. तो कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही आणि घाणीमुळं होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या जागेच्या कातडीवर उलटते असं मानलं जातं. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो, कधीकधी लहान मुलींतही. खाज रात्री जीव नकोसा करते. उपचार केले नाहीत तर कातडी आक्रसते, आतल्या पाकळ्या चिकटून जागा अरुंद होते, लघवीला जळजळ होते. काही थोड्या बायकांत पुढं त्याच जागी कर्करोगही होतो. त्यावरचं पहिलं औषध म्हणजे क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, म्हणजे मेसेज ज्याला शिव्या देतोय ते तीव्र स्टेरॉईडच. साधारण पद्धत अशी असते: महिनाभर रोज रात्री, पुढचा महिना एक दिवसाआड, तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, मग डॉक्टर सांगतील तसं. लावायचं किती, तर बोटाच्या शेवटच्या पेराएवढ्या रेघेपेक्षा जास्त नाही. ३० ग्रॅमची एक ट्यूब तीन महिने पुरते. मावशीला जून संपेपर्यंत सलग झोप लागायला लागली होती.

आणि कॅन्सरचं म्हणाल तर मेसेजनं गोष्ट साफ उलटी सांगितलीय. ऑस्ट्रेलियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा आजार असलेल्या ५०७ बायकांवर सरासरी पावणेपाच वर्षं लक्ष ठेवलं. २०१५ साली 'जामा डर्मॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलंय. त्यातल्या ३५७ जणींनी सांगितल्याप्रमाणं नेमानं स्टेरॉईड मलम लावलं. त्यांच्यात कर्करोग किंवा त्याची आधीची अवस्था किती जणींत दिसली? एकीतही नाही. १५० जणींनी मध्येच सोडलं, कधी लावलं, कधी नाही. त्यांच्यातल्या सात जणींत दिसली. मावशीला मी हे आकडे वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले. मलम लावल्यानं कॅन्सर होतो म्हणून भीती घालणारा माणूस तिला त्या सात जणींच्या रांगेत नेऊन उभा करतोय, हे त्याला कळतंय का?

आता एक गोष्ट मनाविरुद्ध का होईना मान्य करते. स्टेरॉईडची भीती हवेतून आलेली नाही. आपल्याकडं मेडिकलमध्ये 'खाज-खरूज-गजकर्ण, सगळ्यावर एक' म्हणून ज्या मिश्र ट्यूब मिळतात, त्यांत कित्येकदा हेच क्लोबेटासॉल असतं, सोबत एखादं बुरशीचं आणि एखादं जंतूंचं औषध. जांघेतल्या गजकर्णावर ते लावलं की लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, आत बुरशी मात्र पसरत जाते. महिन्यानं पाहावं तर मांडीभर चट्टे. २०१८ साली सरकारनं तीव्र स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी मागणाऱ्याला ती मिळतातच. म्हणजे तेच औषध एका आजारात कातडी वाचवतं आणि दुसऱ्यात आजार वाढवतं. आजार कोणता हे बघितल्याशिवाय कळत नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं कुणालाही न बघता हजारो बायकांना एकच चिठ्ठी लिहून दिलीय.

आपलं आपल्याला कळतं, असं पुष्कळ जणींना वाटतं. अमेरिकेत २००२ साली एक पाहणी छापून आली. 'मला बुरशीच झालीय' असं ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं, तर नुसती बुरशी निघाली ३३.७ टक्के जणींत. बाकीच्यांना दुसरंच काहीतरी होतं, किंवा एकाहून जास्त कारणं होती, आणि काहींना तर संसर्गच नव्हता. मावशीच्या त्या चार ट्यूब मला तेव्हा आठवल्या.

लसूण. हे लिहिताना माझा हात थरथरतो. कच्च्या लसणाची पेस्ट कातडीवर बांधून ठेवली तर भाजल्यासारखे फोड येतात, हे डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. काचेच्या नळीत लसणाचा अर्क बुरशीला मारतो हे खरं, पण काचेच्या नळीला आग होत नाही. आणि ही पाकळी रात्रभर कुठं ठेवायला सांगतायत? शरीरातल्या सगळ्यात नाजूक जागी, जिथं खाजवून आधीच चिरा पडल्यात. मसाला वाटताना लसूण-मिरचीचा हात चुकून डोळ्याला लागला तर आपण घर डोक्यावर घेतो. नशीब, मावशी तुरटीवरच थांबली होती.

पण तुरटीनंही व्हायचं ते झालंच. तुरटी कातडी आवळते आणि कोरडी करते. कोरडी कातडी जास्त खाजते. वर लिंबाचं आम्ल चिरांत गेलं की आग. साबणाचं उलट, तो अल्कधर्मी. योनीच्या आतला भाग मुळात धुवायचा नसतोच. पाळी सुरू असण्याच्या वयात तिथं लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू (पीएच) ३.८ ते ४.५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी ठेवतात आणि बाकीच्या जंतूंना डोकं वर काढू देत नाहीत. साबण आणि जंतुनाशक आत घातलं की आधी हेच राखणदार मरतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, कातडी पातळ आणि कोरडी होते, तेव्हा तर साबण आणखी बोचतो. बाहेरून साध्या पाण्यानं दिवसातून एकदा धुतलं की पुष्कळ झालं.

आणि 'अस्वच्छतेमुळं' हा शब्द कुणी लिहिला असेल त्यानं मावशीसमोर येऊन बोलावं. उभा जन्म पहाटे उठून आंघोळ करून देवपूजा करणारी बाई ती. हा शब्द वाचूनच ती दोन वर्षं का बोलली नाही ते मला कळलं. आपण घाणेरड्या ठरू ही भीती.

तांबडा रस्सा, वांगं, अंडी यांवर जास्त लिहीत नाही. त्यांनी ही खाज येत नाही. 'खाण्याचा संबंध' एवढ्यापुरताच खरा की मधुमेहात साखर ताब्यात नसेल तर बुरशी पुन्हा पुन्हा होते. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळं तिथं बुरशी होण्याचा संभव वाढतो. गोळी आपल्या मनानं थांबवू नका, पण खाज सुरू झाली तर ती देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

पांढरं जाणं म्हणजे हाडांची झीज, हे तर आजीच्याही आधीपासून चालत आलंय. हाड कधी असं वाहून जात नाही. वास नसलेला पातळ स्राव पाळीच्या वयात रोजचाच असतो. दह्याच्या कवडीसारखा घट्ट आणि सोबत खाज असेल तर बुरशीची शंका, माशासारखा वास असेल तर जिवाणूंची, हिरवट-पिवळा फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवीची, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. या नुसत्या शंकाच, नक्की काय ते तपासून ठरतं.

सुती कपडे, उन्हात वाळवा, ही एक ओळ बरोबर आहे. पण आपल्याकडं जुलै-ऑगस्टात ऊन कुठाय? आणि ऊन असलं तरी आपण बायका चड्ड्या दोरीवर टॉवेलखाली, परकराखाली लपवून वाळत घालतो. त्या दमटच राहतात आणि सकाळी तशाच अंगावर चढतात. पुरुषांच्या बनियनी मात्र गॅलरीत सगळ्यात पुढं. इस्त्री फिरवा, पंख्याखाली घाला, पण कोरड्या घाला.

मेसेजमध्ये 'रात्री' हा शब्द ठळक आहे, पण रात्रीच का ते कुठंच नाही. संध्याकाळनंतर शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे दाह दाबून ठेवणारं संप्रेरक, उतरतं, पांघरुणात कातडी तापते, तिच्यातलं पाणी जास्त उडतं आणि मन गुंतवायला दुसरं काही नसतं. खाजवलं की कातडी जाड होते, जाड कातडी आणखी खाजते, हे चक्र सुरू होतं. लहान मुलगी रात्री खाजवत, रडत उठत असेल तर कृमींचाही विचार करा. सुतासारखे बारीक जंत रात्रीच गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात. डॉक्टर अल्बेंडाझोलची गोळी देतात, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यांनाच. घरात आणखी कुणाला बोटांच्या बेचक्यात, मनगटाला खाज असेल तर ती खरूज असू शकते.

डॉक्टरांकडं जाईपर्यंतची रात्र काढायला मावशीला जे उपयोगी पडलं ते सांगते. गार पाण्यात पिळलेली मऊ सुती पट्टी दहा मिनिटं. बर्फ थेट नाही. मग कोरडं टिपून साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली, तीही फ्रिजमध्ये ठेवलेली. नखं अगदी बारीक कापलेली. रात्री सैल गाऊन, आत काही नाही. पावडर, अत्तराचं पॅड, वासाचा साबण बंद.

आणि तपासायला गेलात की स्पष्ट म्हणा, "बघून सांगा." न बघता कुणी ट्यूब लिहून देत असेल तर उठून दुसरीकडं जा. खासगी परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा, तिथं स्त्रीरोग आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत. गाठ, न भरणारी जखम, पाळी गेल्यावर रक्त, कातडीचा रंग बदलणं, यांपैकी काही असेल तर पुढच्या सोमवारची वाट बघू नका.

मावशीनं ट्यूब फेकली नव्हती. गोदरेजच्या कपाटात, चांगल्या साड्यांच्या खाली ठेवली होती. पाच आठवडे बंद होतं. खाज परतलीय आणि तुरटीनं दोन नव्या चिरा पडल्यात. सोमवारी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांनी रोज रात्री पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि बुधवारी दाखवायला बोलावलंय. भिशीच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकते म्हटलं तर मावशी आधी नको म्हणाली. काल रात्री तिनंच फोन केला, "टाक. माझं नाव घालू नगंस, पर टाक."