‘शिकाऊ पोरांच्या हाती मन देऊ नका’ : फिरणाऱ्या मेसेजमधला एकेक मुद्दा

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एका धर्तीचा मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच. एम.ए. सायकॉलॉजीची पोरं वाचनालयात, समाजमंदिरात फुकट कार्यशाळा घेतात. त्यांच्याकडे ना परवाना ना अनुभव. लोकांवर हात साफ करून घेतात. आत्महत्येसारखे विषय काढून भलते विचार डोक्यात घालतात. चारचौघांत बोललेलं गावभर होतं. दोन तासांत कुणी बरं होत नाही. आणि ज्याला खरी गरज आहे तो डॉक्टरकडे जाईलच की! खाली ‘सावध राहा, पुढे पाठवा’.

यातल्या काही मुद्द्यांत तथ्य आहे, ते जागच्या जागी मान्य करू. निष्कर्ष मात्र चुकला आहे, कारण लिहिणाऱ्याने कार्यशाळेला दवाखान्याची फूटपट्टी लावली आहे.

‘परवाना नाही, म्हणजे बेकायदा’

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. एम.ए.च्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नावापुढे ते बिरुद लावलं, कुणाला ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असं सांगितलं किंवा बाजूला घेऊन थेरपी सुरू केली, तर मेसेजवाल्याचा राग रास्तच आहे. पण ताण शरीरात काय करतो, झोप का उडते, चिंता कधी नेहमीची आणि कधी आजाराकडे झुकलेली, मदत कुठे मिळते, हे सांगायला कुठलाही परवाना लागत नाही. मधुमेहाची माहिती घरोघरी सांगणाऱ्या आशाताई इन्सुलिनचा डोस ठरवत नाहीत, तसंच हे.

ही सीमा कार्यशाळेत हमखास एका प्रश्नावर तपासली जाते. कुणीतरी हात वर करून विचारतंच, ‘झोपेची गोळी दोन वर्षं घेतेय, बंद करू का?’ नवख्याला वाटतं, काहीतरी उपयोगाचं सांगावं. उत्तर एकच असायला हवं आणि ते आधी पाठ करून घेतलेलं असावं: ‘गोळी ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारा. तोवर स्वतःहून बंद करू नका आणि कमीही करू नका.’ झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या एकदम थांबवल्या की आधीपेक्षा जास्त अस्वस्थता येते, झोप आणखी उडते, क्वचित झटकेही येतात. यावर ‘हळूहळू कमी करून बघा’ असं मोघम उत्तर देणारा विद्यार्थी पुढच्या कार्यशाळेत माइकपासून लांब ठेवावा.

‘अनुभव नसलेल्यांमुळे इजा होते’

इथे जरा थांबायला हवं. पदवी आणि परिणाम यांचं नातं लोक समजतात तेवढं सरळ नाही. मानसशास्त्रज्ञ जोसेफ डुर्लॅक यांनी १९७९ साली व्यावसायिक आणि बिनपदवीचे मदतनीस यांची तुलना करणारे ४२ अभ्यास एकत्र तपासले. मर्यादित, ठरावीक कामांसाठी थोडक्या प्रशिक्षणाचे मदतनीस व्यावसायिकांच्या मागे पडत नाहीत, असं त्यातून दिसलं. ते फार जुनं आणि परदेशातलं वाटत असेल तर शेजारच्या गोव्यात बघा. ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम आखला. या भेटी घेणारे समुपदेशक व्यावसायिक नव्हते. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण या गटात ६४ टक्के होतं, या भेटींशिवाय फक्त थोडी सुधारलेली नेहमीची सेवा मिळालेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्के.

गोव्यातलं हे काम साध्य झालं त्याचं कारण उत्साह नव्हता. भेटींचं ध्वनिमुद्रण होई, समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण देत. म्हणजे कामावर सतत कुणाची तरी नजर होती. म्हणून विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेबद्दल विचारायचा प्रश्न असा: पर्यवेक्षक खोलीत आहे का? फोनवर ‘काही लागलं तर कळवा’ म्हणणारा पर्यवेक्षक असून नसल्यासारखाच.

आणि इजा होते ती कशी, हे मेसेज सांगतच नाही. सगळ्यांत निरुपद्रवी वाटणारी गोष्ट घ्या, दीर्घ श्वसन. ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या’ म्हटलं की पंचवीसपैकी निम्मे लोक छाती फुगवून मोठमोठे, भराभर श्वास घेऊ लागतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना आणि ओठांभोवती झिणझिण्या येतात, डोकं हलकं होतं. ज्याला आधीच पॅनिकचा, म्हणजे अचानक भीती दाटून येण्याचा, त्रास आहे त्याला वाटतं, आला पुन्हा झटका! जुना आघात असलेल्या माणसाला अनोळखी लोकांत डोळे मिटणंच असह्य होऊ शकतं. उपाय सोपा आहे, पण तो आधी शिकवावा लागतो. डोळे उघडे ठेवले तरी चालतील, हे अगोदर सांगायचं. तळपाय जमिनीला टेकवायचे. श्वास मोठा नको, नेहमीएवढाच, फक्त सोडायला वेळ लावायचा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा वेळा, बस. ज्याला नको वाटेल त्याने खोलीतल्या पाच वस्तूंची मनातल्या मनात नावं घ्यावीत. हे न सांगता दहा मिनिटं बासरीचं संगीत लावून देणारे पीएचडीवालेही असतात.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. अपघात, पूर किंवा ओळखीतल्या कुणाचा मृत्यू यानंतर लगेच लोकांना गोल बसवून ‘काय घडलं, काय वाटलं, सगळं बोला’ असं करणं. आघातानंतर असं एकाच बैठकीत उकरून काढल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतोही. जागतिक आरोग्य संघटनेचा याला स्पष्ट नकार आहे. तिच्या २०११च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत क्रम वेगळा आहे: परिस्थिती बघा, बोलायचं असेल तर ऐका, पुढच्या मदतीशी जोडून द्या. खोदून विचारायचं नाही.

‘लोकांवर प्रॅक्टिस करतात’

अंशतः खरं. विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमासाठी क्षेत्रकामाचे तास भरायचे असतात आणि ते लपवायचं कारण नाही. सुरुवातीलाच सांगून टाकावं. सराव मात्र वर्गात झालेला असतो, निदान झालेला असायला हवा: रडू लागलेला माणूस, भांडायला उठलेले काका, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्या आजी, माइक न सोडणारा, हे सगळे प्रसंग एकमेकांसमोर वठवून.

आक्षेप जिथे पूर्ण लागू पडतो ती जागा म्हणजे प्रश्नावली. लघुप्रबंधासाठी नमुने हवेत म्हणून कार्यशाळेच्या दारातच फॉर्म भरून घेतले जातात. संशोधन असेल तर नैतिक समितीची मंजुरी हवी, संमतीपत्र वेगळं हवं आणि नाही म्हणणाऱ्यालाही आत खुर्ची मिळायला हवी. त्यातही नैराश्याची नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ वाटत असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी त्यावर ‘जवळजवळ रोज’ अशी खूण करून कागद दिला आणि तो गठ्ठ्यात बांधून सोमवारी एक्सेलमध्ये भरला गेला, तर त्या माणसाने मदत मागितली आणि आपण ती वाचलीच नाही. त्याच तासात वाचणारं माणूस नसेल तर ती प्रश्नावली वाटूच नये.

‘आत्महत्येचा विषय काढला की तो विचार येतो’

या मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य हेच, कारण ते वाचून घरातली माणसं विचारायचं टाळतात. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने ते विचार वाढतात का, हे अनेकदा तपासलं गेलं आहे. २०१४ साली अशा अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. विचारल्याने वाढ झाल्याचं आढळलं नाही. उलट बोलता आलं म्हणून काहींना हायसं वाटतं.

धोका असतो तो वर्णनात. पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर, ‘परीक्षेत नापास झाला म्हणून’ असं एकच कारण, यातलं काहीही कार्यशाळेत येऊ नये. नटाच्या किंवा शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी स्लाइडवर लावणं तर मुळीच नको.

कुणी मध्यंतरात येऊन ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं. म्हणूनच दोन बोलणारे असले तरी तिसरा विद्यार्थी दाराशी मोकळा ठेवतात. तो त्या व्यक्तीला शेजारच्या खोलीत नेतो, पर्यवेक्षकाला खूण करतो आणि एकटं सोडत नाही. पर्यवेक्षक सरळ विचारतो: मरण्याचा विचार येतो का, कसं करायचं ते ठरवलंय का, ते साधन हाताशी आहे का, कधी? ठरवलेलं असेल आणि साधन घरात असेल, तर घरच्या माणसाला बोलावून थेट सिव्हिलच्या आपत्कालीन विभागात. शेती असलेल्या घरात कीटकनाशकाचा डबा आजच घराबाहेर, विश्वासातल्या शेजाऱ्याकडे कुलपात. तेवढी निकड नसेल तर तिथेच बसून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर एकत्र फोन. पोलीस केस होईल ही भीती लोकांना गप्प बसवते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमाने, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिलं, आणि १ जुलै २०२४ला जुनी दंडसंहिता गेली तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं तिच्यातलं ३०९ कलमही गेलं. हे दोन वाक्यांत सांगितलं तरी खोलीतला श्वास मोकळा होतो.

‘चारचौघांत बोललेलं गावभर होतं’

होतं. कार्यशाळेतल्या पंचवीस जणांकडून गोपनीयतेची शपथ घेता येत नाही आणि घेतली तरी ती टिकेल याची हमी नाही. ‘इथलं इथेच राहील’ असं छातीठोक सांगणारा विद्यार्थी खोटं आश्वासन देतोय. त्यामुळे कार्यशाळा अशी बांधावी की कुणाला स्वतःचं काही सांगावंच लागू नये. एक काल्पनिक माणूस समोर ठेवायचा: पतसंस्थेतला कारकून, तीन आठवडे झोप नाही, घरी चिडचिड, डबा तसाच परत. याला काय होत असेल? शेजारी म्हणून तुम्ही काय म्हणाल? लोक त्याच्या तोंडून स्वतःचंच बोलतात आणि झाकलेलं झाकलेलंच राहतं.

बाकी गळती कागदातून होते. कॉलेजला पुरावा हवा म्हणून हजेरीपत्रक असतं आणि त्यात नाव, मोबाइल नंबर यांच्या शेजारी कुणीतरी ‘समस्या’ असा रकाना छापलेला असतो. पुढचा माणूस सही करताना मागच्यांचं सगळं वाचतो. तो रकाना काढून टाका. फोटो बॅनरचे आणि बोलणाऱ्यांचे घ्या. श्रोत्यांचे पाठमोरेसुद्धा नकोत, छोट्या गावात पाठीवरूनही माणूस ओळखतात.

‘दोन तासांत काय होणार?’

एका कार्यशाळेने नैराश्य बरं होतं असं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं. सरसकट सगळ्यांना शिकवलेल्या कौशल्यांचे परिणाम अनेकदा निराशाजनकच असतात: ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या माइंडफुलनेसच्या (आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावाच्या) चाचणीत नेहमीच्या तासांपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. तिचे निकाल २०२२ साली आले. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सेल्फ-हेल्प प्लस’ हा कार्यक्रम दोन तासांच्या पाच बैठकांचा आहे. ध्वनिमुद्रित सूचना आणि चित्रांची पुस्तिका एवढंच साहित्य, आणि चालवणाऱ्यांना थोडकं प्रशिक्षण. युगांडातल्या दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांच्या वीस-तीस जणींच्या गटांत त्याने तीन महिन्यांनीही मानसिक त्रास कमी झालेला दिसला.

म्हणजे जमलं तर पाच बैठका घ्या. एकच मिळत असेल तर एकच कौशल्य, आणि निम्मा वेळ ते करून बघण्यात. एका बैठकीत ताण, राग, झोप, नाती आणि स्क्रीनटाइम कोंबणाऱ्या पन्नास स्लाइड्स हे विद्यार्थ्यांचं लाडकं पाप आहे. शेवटी ‘कार्यशाळा आवडली का?’ विचारू नये, फुकट चहा असला की सगळ्यांना आवडते. दोन आठवड्यांनी विचारावं: यातलं एकदा तरी काय केलंत?

‘खरी गरज असेल तो डॉक्टरकडे जाईलच’

जात नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता) नैराश्य, चिंता अशा नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. गावपातळीवर कुणी बोलायला गेलं की काय होतं ते अमरावती जिल्ह्यात दिसलं आहे. ‘विश्राम’ प्रकल्पाने ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली; दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. उपचार देणारी साखळी मागे उभी होती म्हणून ते झालं, हेही खरं.

विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत ही साखळी म्हणजे शेवटी हातात पडणारी चिठ्ठी. त्यावर नुसतं ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ असेल तर ती कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत जाते. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार ओपीडी कुठल्या वारी, किती वाजता, खोली नंबर काय, केसपेपरला किती पैसे, सोबत काय न्यायचं, खाली १४४१६. आदल्या आठवड्यात फोन करून वार पडताळलेला असावा, कारण डॉक्टरांची बदली झाली की ओपीडीचा वार बदलतो. आणि मोठ्या मनोरुग्णालयाचं नाव पहिल्या ओळीत नको. येरवडा किंवा ठाणे वाचलं की घरचे चिठ्ठी फाडतात. ‘सिव्हिल, ओपीडी, मंगळवार’ वाचलं तर गुडघ्याचं दुखणं दाखवायला जाताना तेही दाखवून येतात.